शेवाळाच्या वाटणीचे अन्न

घरामागे, अंगणाच्या कोपऱ्यात किंवा गच्चीवर लहानसे तळे असावे असे वाटणारी माणसे आता बरीच भेटतात. कुणी वाड्यातला जुना हौद दुरुस्त करून त्यात कमळ लावते, कुणी खड्डा खणून शेततळ्याचा कागद अंथरते, कुणी सिमेंटच्या टाकीत मासे सोडते. पहिले पंधरा-वीस दिवस पाणी नितळ असते. मग ऊन चढते आणि आठवड्याभरात तळ दिसेनासा होतो. दगडांवर बुळबुळीत थर बसतो, पाण्यात हात घातला की हिरवे धागे बोटांना गुंडाळले जातात. घरातली मोठी माणसे पाणी खराब झाल्याचा निर्वाळा देतात. तळे उपसले जाते, ब्रशने घासले जाते, बोअरच्या पाण्याने पुन्हा भरले जाते आणि महिना उलटायच्या आत पुन्हा हिरवे होते. दुसऱ्या खेपेला कुणीतरी मोरचूद आणून देतो. तिसऱ्या खेपेला तळे बुजवून तिथे फरशी बसवली जाते.

ही पुस्तिका त्या तिसऱ्या खेपेच्या आधी वाचकाच्या हाती पडावी, एवढ्यासाठी लिहिली आहे. तिच्यातले म्हणणे थोडक्यात असे : शेवाळ मारून संपत नाही, कारण ते ज्यावर जगते ते अन्न पाण्यात तसेच राहते. ते अन्न आधी दुसऱ्या वनस्पतींनी खाल्ले पाहिजे, आणि त्या वनस्पती वेळोवेळी कापून तळ्याबाहेर काढल्या पाहिजेत. यातला पूर्वार्ध बहुतेकांना ठाऊक असतो. उत्तरार्ध फार थोडे जण पाळतात, आणि भरपूर वनस्पती लावूनही तळी हिरवी राहतात ती मुख्यतः त्यामुळेच.

शेवाळाविषयी मनात असलेली किळस आधी बाजूला ठेवायला हवी. उन्हात अन्न तयार करणारे हे जीव पृथ्वीवर झाडांच्या कितीतरी आधी आले, आणि तळ्यातल्या जीवनाची सुरुवात आजही त्यांच्यापासूनच होते. दगडावरचा पातळ हिरवा थर गोगलगायी आणि बेडूकमासे खरवडून खातात. पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळावर जलपिसवा जगतात, जलपिसवांवर लहान मासे. नितळ दिसणाऱ्या निरोगी तळ्यातही शेवाळ असतेच, ते फक्त वरचढ झालेले नसते.

वरचढ झाले की मात्र त्याचे रूप ओळखता आले पाहिजे. काचेच्या बरणीत तळ्यातले पाणी घ्यावे आणि बरणी रात्रभर हलवू नये. सकाळी तळाशी माती बसून पाणी स्वच्छ झाले असेल तर तक्रार गाळाची आहे, शेवाळाची नाही. पाणी तसेच हिरवे राहिले असेल तर ते एकपेशीय शेवाळ. धाग्यांच्या शेवाळाला बरणीची गरज नाही, काठी फिरवली की ते काठीला गुंडाळून वर येते. शाळेच्या पुस्तकात जिचे चित्र सगळ्यांनी काढले ती स्पायरोगायरा याच गटातली. तिसरा प्रकार वेगळा आणि घातक आहे. त्यात पाण्यावर निळसर-हिरवा, ऑइलपेंट सांडल्यासारखा थर येतो आणि उग्र वास सुटतो. हे सायनोबॅक्टेरिया. मायक्रोसिस्टिससारख्या त्यांच्यातल्या काही जाती यकृताला अपाय करणारे विष तयार करतात. असा थर दिसला तर मुले, कुत्री आणि गुरे तळ्यापासून लांब ठेवावीत आणि ते पाणी भाजीपाल्याला घालू नये.

पाणी हिरवे का होते, याचे सर्वांत ठसठशीत उत्तर कॅनडातल्या ओन्टारियो प्रांतात १९७३ साली मिळाले. तिथे संशोधनासाठी राखून ठेवलेले अनेक तलाव आहेत. त्यांतला २२६ क्रमांकाचा तलाव मध्यभागी अरुंद आहे. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अरुंद जागी पडदा उभा करून तलावाचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला. एका भागात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही घातला. फॉस्फरस मिळालेला भाग हिरवागार झाला, दुसरा भाग गडद आणि स्वच्छच राहिला. विमानातून काढलेले त्या तलावाचे छायाचित्र पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटमुळे तलाव बिघडत नाहीत, असे म्हणणाऱ्यांची बाजू त्यानंतर लंगडी पडली.

फॉस्फरस इतका निर्णायक ठरतो तो प्रमाणामुळे. तरंगत्या शेवाळाच्या शरीरात कार्बनचे १०६ अणू असतात तेव्हा नायट्रोजनचे सुमारे १६ आणि फॉस्फरसचा अवघा १ असतो. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करून हे प्रमाण मांडले. त्यावरून हिशेब केला तर १ ग्रॅम फॉस्फरसच्या बळावर १०० ग्रॅमांहून अधिक कोरडे शेवाळ तयार होऊ शकते. ओले वजन त्याच्या कितीतरी पट.

आता माशांच्या खाद्याच्या डब्याकडे पाहावे. तयार खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस असतो. रोज १० ग्रॅम खाद्य टाकले की रोज १०० मिलिग्रॅम फॉस्फरस पाण्यात पडतो. त्यातला काही माशांच्या अंगी लागतो, उरलेला विष्ठेतून आणि न खाल्लेल्या कणांतून तळ्यातच राहतो. तलावाच्या पाण्यात लीटरमागे ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास फॉस्फरस झाला की शास्त्रज्ञ तो तलाव अतिपोषित होऊ लागला असे धरतात. २००० लीटरच्या परसातल्या तळ्यात एवढा फॉस्फरस व्हायला ६० मिलिग्रॅम पुरतात. एका दिवसाच्या खाद्यात त्याहून जास्त असतो! हा आकडा मी इथे मुद्दाम सुरुवातीलाच देतो आहे, कारण खाद्याचा डबा हाती असलेल्या माणसाला तो माहीत नसेल तर पुढच्या प्रकरणांतली कुठलीही वनस्पती त्याला वाचवू शकणार नाही.

खाद्याखेरीज इतर वाटाही आहेत. कमळाच्या टोपल्यात तळाशी शेणखताचा थर द्या, असा सल्ला सर्रास मिळतो. एकट्या कमळाच्या टबात तो चालतो, कारण तिथे दुसरे काही जगवायचे नसते. तळ्यात बुडवलेल्या कुंडीत मात्र तेच शेणखत पाझरून सगळ्या पाण्यात उतरते. कुंडीत साधी चिकणमाती भरावी आणि वर खडीचा थर द्यावा. आंब्याची, बदामाची पाने पाण्यात पडून कुजतात. देवाचे निर्माल्य श्रद्धेने तळ्यात सोडले जाते, तेही कुजते. ते झाडाच्या बुंध्याशी पुरले तर श्रद्धाही राहते आणि पाणीही. पहिल्या वळवाच्या पावसात गुलाबांना घातलेले खत आणि अंगणातली माती वाहून येते, म्हणून तळ्याचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर तरी उंच हवा. शेतीच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यातच नायट्रेट असते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात रोज सेंटीमीटरभर पाणी आटते, आपण ते भरत राहतो. वाफ निघून जाते, क्षार आणि पोषकद्रव्ये मात्र मागेच राहतात. मे महिन्यात पाण्याचा रंग झपाट्याने बदलतो त्यामागे उन्हाइतकाच हा साठाही असतो. छपरावरचे पावसाचे पाणी साठवून तळ्याला देता आले तर त्याहून चांगले पाणी नाही.

उपसून घासल्याने काय होते, हे आता उघड आहे. नव्या पाण्याबरोबर नवे अन्न येते, आणि जुन्या पाण्याबरोबर जलपिसवा आणि दगडांवर वस्ती केलेले उपयोगी जिवाणू निघून जातात. शेवाळाला मोकळे रान मिळते. मोरचुदाने शेवाळ मरते, यात शंका नाही. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी वापरतात ते हेच तांब्याचे लवण. परंतु मेलेले शेवाळ तळाशी कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपतो, त्याच्या शरीरातला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो, गोगलगायी आणि मासे तांब्याने मरतात, आणि तांबे गाळात कायमचे उरते. माझ्या मते घरच्या तळ्यात मोरचुदाला जागाच नसावी. जवाचे काड पाण्यात कुजवून शेवाळ रोखण्याचा एक उपाय इंग्लंडमधून आला आहे. तो असलेले शेवाळ मारत नाही, नवे वाढू देत नाही, आणि त्याचे परिणाम सगळीकडे सारखे आलेले नाहीत. आपल्या उष्ण पाण्यात काड भराभर कुजते आणि प्राणवायू खाते, म्हणून मी त्याची शिफारस करत नाही.

वनस्पतींनी पाणी शुद्ध करण्याची रीत आपल्या घरांना नवी नाही. कोकणात आणि देशावरही मोरीचे पाणी परसात जिथे जाई तिथे अळू, कर्दळ आणि केळ लावलेली असे. साबणाच्या, खरकट्याच्या पाण्यावर अळू माजत असे. पाने खुडून त्यांचे फदफदे होई, देठीही होई. मोरीतून परसात गेलेले अन्न स्वयंपाकघरात परत येई आणि डबके साचत नसे. या साखळीतली पाने खुडण्याची कडी सर्वांत मोलाची होती. रोजच्या गरजेपोटी ती आपोआप पाळली जाई. तळ्याच्या बाबतीत तीच कडी निसटते, कारण कमळाची पाने कापावीत असे कुणाच्या मनात येत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत केटे झायडेल या शास्त्रज्ञ बाईंनी लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतींकडून सांडपाणी शुद्ध करून घेण्याचे प्रयोग सुरू केले. त्या काळी त्यांच्या कामाकडे अनेकांनी संशयाने पाहिले. आज जगभर वापरात असलेल्या कृत्रिम पाणथळ पद्धतीची ती सुरुवात मानली जाते. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेले फायटोरिड तंत्र त्याच घराण्यातले : खडीच्या थरातून सांडपाणी सावकाश सोडायचे आणि त्या खडीत कर्दळ, पाणकणीस यांसारख्या वनस्पती वाढवायच्या. परसातल्या तळ्याला एवढा व्याप लागत नाही, तत्त्व मात्र तेच आहे.

वनस्पती शेवाळाला अनेक बाजूंनी रोखतात, आणि कोणती वनस्पती कोणते काम करते याविषयी बराच गैरसमज आहे. सावली हे सर्वांना दिसणारे काम. पाण्याचा अर्धा ते दोन-तृतीयांश पृष्ठभाग पानांनी झाकला की ऊन आत कमी शिरते आणि पाणी कमी तापते. कमळ, कुमुद, कुमुदिनी हे काम उत्तम करतात. कासच्या पठारावरच्या तळ्यात जिची नाजूक पांढरी फुले पाहायला लोक जातात ती कुमुदिनी आपल्या हवेतलीच. परंतु कमळ आणि कुमुद आपले बहुतेक अन्न मुळांवाटे चिखलातून घेतात. पाण्यात विरघळलेले नायट्रेट आणि फॉस्फेट त्यांच्या फारसे कामाचे नसते. तळ्यात चार कमळे लावून पाणी स्वच्छ होण्याची वाट पाहणाऱ्यांची निराशा होते ती इथे. शिवाय थंडीत कमळ सुकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पाने येतात, तोवर ऊन उघड्या पाण्यावर पडत असते.

पाण्यातून थेट अन्न घेणाऱ्या वनस्पती वेगळ्या. त्यांत मी पहिला मान सिरॅटोफायलमला देतो. मत्स्यालयाच्या दुकानात ती हॉर्नवर्ट नावाने मिळते. हिला मुळेच नसतात. सगळे शरीर पाण्यात बुडालेले, त्यामुळे लागेल ते सगळे ती पाण्यातूनच शोषते, आणि आपल्या उन्हाळ्यात जोमाने वाढते. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया याही बुडून राहणाऱ्या. व्हॅलिस्नेरियाचे परागण बारावीच्या जीवशास्त्रात आपण शिकलो, ती प्रत्यक्ष पाहायला मिळाली तर मुलांनाही आनंद होतो. नव्या तळ्यात बुडीत वनस्पती पहिल्या दिवशीच आणि भरपूर घालाव्यात. चार काड्या टाकून त्या वाढण्याची वाट पाहू नये, कारण शेवाळ वाट पाहत नसते.

या घाईमागे शास्त्र आहे. नेदरलँड्सचे मार्टेन शेफर यांनी १९९०च्या दशकात उथळ तलावांविषयी एक महत्त्वाची मांडणी केली. उथळ पाण्याला दोन स्थिर अवस्था असतात : एक बुडीत वनस्पतींची आणि नितळ, दुसरी शेवाळाची आणि गढूळ. पाणी ज्या अवस्थेत असेल ती अवस्था स्वतःला टिकवून धरते. वनस्पती असतील तर त्या गाळ धरून ठेवतात, अन्न शोषतात, जलपिसवांना माशांपासून लपायला जागा देतात, आणि पाणी नितळ राहिल्याने त्यांना स्वतःला ऊन मिळत राहते. शेवाळ आधी माजले तर तळाशी ऊन पोहोचत नाही आणि खालची वनस्पती उगवतच नाही. म्हणून नितळ तळे राखणे सोपे असते, हिरव्या झालेल्या तळ्याला परत फिरवणे अवघड. ज्यांचे तळे आधीच हिरवे आहे त्यांनी बुडीत वनस्पतींवर विसंबू नये. त्यांनी आधी तरंगत्या वनस्पतींनी आणि काठावरच्या खडीच्या वाफ्याने सुरुवात करावी.

हा वाफा या पुस्तिकेतला सर्वांत उपयोगी भाग आहे, असे माझे मत आहे. तळ्याच्या पृष्ठभागाच्या पाचव्या हिश्शाएवढा, फूटभर खोल, पाणी न झिरपणारा एक वाफा तळ्याला लागून बांधायचा आणि त्यात सुपारीएवढी खडी भरायची. माती अजिबात नको. छोट्या पंपाने तळ्यातले पाणी वाफ्याच्या तळाशी सोडायचे, ते खडीतून वर येऊन पुन्हा तळ्यात पडेल. खडीच्या प्रत्येक दाण्यावर जिवाणूंचा थर बसतो. माशांच्या विष्ठेतला अमोनिया ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मातीच नसल्यामुळे वाफ्यातल्या वनस्पतींना अन्नासाठी पाण्यावरच अवलंबून राहावे लागते. कर्दळ इथे पुरुषभर वाढते. वेखंड, जे बाळगुटीसाठी घरोघर असे, त्याला ओलसर काठ आवडतो. जलब्राह्मी खडीवर पसरून वरचे ऊन अडवते. वाळ्याची मुळे सर्वांत खोल जातात. उन्हाळ्यात माठात टाकतो तीच ही मुळे, आणि तरंगत्या तराफ्यावर लावलेल्या वाळ्याची मुळे पाण्यात लोंबती राहून गाळणीचे काम करतात. नाळीची भाजी तर या वाफ्यासाठीच असावी इतकी इथे रमते. पाणी घरच्या तळ्याचे आणि स्वच्छ असेल, आणि भाजी शिजवून खाणार असाल, तर तिच्याइतका सोपा हिशेब दुसरा नाही : दर पंधरवड्याला शेंडे खुडायचे, म्हणजे पाण्यातले नायट्रोजन-फॉस्फरस ताटात येतात.

पंप बसवायचा नसेल तर हीच झाडे खडी भरलेल्या जाळीच्या कुंड्यांत लावून काठाच्या उथळ पाण्यात ठेवावीत. काम सावकाश होईल, पण होईल.

आता कापणीचे. ज्या दिवशी वनस्पतीची काडी वाढते त्या दिवशी फॉस्फरस पाण्यातून काडीत गेला, एवढेच घडते. तो अजून तळ्यातच आहे. ती काडी पिवळी पडून कुजली की तो पुन्हा पाण्यात येतो आणि शेवाळ त्यावर जगते. तो तळ्याबाहेर जातो तो फक्त कापणीच्या दिवशी. सिरॅटोफायलम उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी तिसऱ्या हिश्शाने काढावी. कर्दळीचे फुलून गेलेले दांडे बुडाशी कापावेत. कमळाचे पान पिवळे होऊ लागताच खुडावे, काळे पडेपर्यंत ठेवू नये. सगळी वनस्पती एका दिवशी मात्र काढू नये, नाहीतर शेवाळाला तेवढीच संधी पुरते.

ॲझोलाची गोष्ट यासाठी समजून घेण्यासारखी आहे. गुरांसाठी ॲझोलाचे वाफे करणारे शेतकरी तिचा वेग जाणतात, अनुकूल हवेत चार-पाच दिवसांत ती दुप्पट होते. ती पाण्यातला फॉस्फरस भराभर उचलते. तिच्या पानांत ॲनाबीना नावाचे सायनोबॅक्टेरिया राहतात आणि हवेतला नायट्रोजन धरून तिला देतात. म्हणजे ॲझोला रोज चाळणीने काढून गाईला, कोंबड्यांना किंवा खताला दिली तर तळे स्वच्छ होते, आणि तीच ॲझोला पाण्यावर मरू दिली तर तळ्यात पूर्वी नव्हता तो नायट्रोजनही येतो. एकाच वनस्पतीचे हे दोन परिणाम, आणि कोणता होणार ते फक्त चाळणी चालते की नाही यावर ठरते. टिकलीएवढ्या पानांच्या लेम्नालाही हेच लागू आहे, फक्त तिला नायट्रोजन धरता येत नाही. या दोघींनी सगळे पाणी झाकले तर खाली प्राणवायू कमी पडतो, हेही लक्षात ठेवावे.

माशांविषयी पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, इथे थोडेच सांगतो. कोई आणि गोल्डफिश सुंदर दिसतात, पण ते झाडे उकरतात, खातात आणि खूप विष्ठा करतात. वनस्पतींच्या भरवशावरच्या लहान तळ्यात कोई नकोतच. डासांसाठी मासे हवेत, हे खरे. मलेरियाच्या नियंत्रणासाठी नगरपालिका गप्पी मासे वाटतात, ते चालतात. आपल्याच ओढ्यांतला, डोक्यावर चमकता ठिपका असलेला ॲप्लोकायलस मिळाला तर तो अधिक चांगला. बुडीत वनस्पती आणि चतुरांच्या अळ्या असलेल्या तळ्यात अशा मोजक्या माशांना वरून खाद्य घालण्याची गरज नसते. मासे वाढले तर वाटून टाकावेत. ते पाणी नितळ करणाऱ्या जलपिसवा खाऊन टाकतात, त्यामुळे अधिक मासे म्हणजे अधिक हिरवे पाणी, हा साधा संबंध आहे. कासव ठेवू नये. भारतातल्या गोड्या पाण्यातल्या कासवांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

मासे पहाटे वर येऊन तोंडाने हवा घेत असतील तर तो धोक्याचा इशारा समजावा. दिवसा शेवाळ प्राणवायू देते, रात्री तेच प्राणवायू घेते, आणि उजाडण्यापूर्वी पाण्यात तो सर्वांत कमी असतो. फार हिरव्या पाण्यात दुपारी सामूही चढतो, त्याबरोबर अमोनियाही अधिक विषारी होतो. अशा वेळी वनस्पतींची वाट पाहत बसू नये. खाद्य बंद करावे, पाणी वरून धारेने पडेल अशी सोय करावी आणि धाग्यांचे शेवाळ हाताने काढावे.

वेळापत्रक सोपे आहे. लागवड फेब्रुवारीत करावी, म्हणजे मार्चच्या उन्हाआधी झाडे जम धरतात. पहिल्या पावसाआधी काठ तपासावा. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाणी पुन्हा रंग बदलू लागते, तेव्हा कापणी वाढवावी. थंडीत गाळ काढावा, पण सगळा नव्हे आणि एका दिवसात नव्हे. नव्या तळ्यात पहिले दीड-दोन महिने पाणी हिरवे झाले तर ते बदलू नये. जिवाणू आणि झाडे स्थिरावेपर्यंत असे होतेच, आणि त्या काळात धीर धरणे हाच उपाय आहे.

एक अपेक्षा आधीच स्पष्ट करतो. या पद्धतीने तळे पोहण्याच्या तलावासारखे निळे होणार नाही. तळ दिसेल, मासे दिसतील, दगडांवर हिरवी लव राहील, एप्रिलमध्ये थोडे धागेही दिसतील. त्या लवीवर गोगलगायी असतील, संध्याकाळी काठावर चतुर येतील, पावसाळ्यात बेडूक अंडी घालतील. ज्यांना निळेच पाणी हवे त्यांनी क्लोरीन आणि यंत्रांचा मार्ग घ्यावा. त्याबद्दल या पुस्तिकेत काही नाही.

शेवटी एक कळकळीची विनंती. तळ्यासाठी जलपर्णी, पिस्टिया किंवा साल्व्हिनिया कुणी कितीही प्रेमाने दिली तरी घेऊ नका. त्या पाणी स्वच्छ करतात हे खरे आहे, परंतु दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने इंद्रायणी, पवना, पंचगंगा या नद्यांचे आणि मुंबईत १८९१ साली बांधलेल्या पवई तलावाचे काय केले ते आपण दर वर्षी पाहतो. देशी वनस्पतीही दुसऱ्या पाण्यात गेल्या की उपद्रव करू शकतात. आपल्याकडची हायड्रिला मत्स्यालयांच्या व्यापारातून १९५०च्या दशकात फ्लोरिडात पोहोचली आणि तिथल्या तलावांवर तिने कब्जा केला. कासच्या पठारावरून किंवा कुठल्याही सड्यावरून रोपे उपटून आणू नका, रोपवाटिकेतून किंवा दुसऱ्या तळेकऱ्याकडून घ्या. आणि तळ्यातून कापून काढलेली प्रत्येक काडी उन्हात पुरती वाळवा, मग खताच्या खड्ड्यात टाका. ओढ्यात, नाल्यात किंवा नदीत तिचा एक तुकडाही जाऊ देऊ नका.